स्पॅम फिल्टर खरंच किती काम करतो, हे मोजायचं कसं

स्पॅम अडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत '९९ टक्के' हा आकडा ठरलेला असतो. तो खोटाच असतो असं नाही. पण कशाचे ९९ टक्के, हे कोणी सांगत नाही. आलेल्या सगळ्या मेलपैकी ९९ टक्क्यांचा निवाडा बरोबर झाला? स्पॅमपैकी ९९ टक्के पकडला गेला? की स्पॅम फोल्डरात जे जाऊन पडलं त्यातलं ९९ टक्के खरोखर स्पॅम होतं? ही तीन वेगळी गणितं आहेत. एकच फिल्टर तिन्हींमध्ये तीन वेगळे आकडे देतो, आणि विकणारा त्यातला सगळ्यात देखणा छापतो.

फिल्टर दोन तऱ्हेने चुकतो. स्पॅम सुटून इनबॉक्सात येतो, किंवा चांगला मेल स्पॅममध्ये जातो. पहिली चूक लगेच दिसते, चिडचिड होते, मेल पुसला की विषय संपतो. दुसरी दिसतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं तुम्ही उत्तर दिलं नाही, तुम्हाला वाटतं त्याने पाठवलंच नाही. त्यामुळे 'आमचा फिल्टर मस्त आहे, इनबॉक्स अगदी स्वच्छ असतो' या वाक्याला काहीच अर्थ नाही. सगळे मेल फेकून दिले तरी इनबॉक्स स्वच्छच राहतो. मोजायला सुरुवात करायची ती स्पॅम फोल्डरापासून.

आधी ढीग ठरवा

स्पॅम म्हणजे काय, हे मोजणी सुरू करायच्या आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं की माणूस नकळत आपल्याला हवा तो निकाल काढतो. चार ढीग पुरतात:

- हवा असलेला मेल: माणसांचे, कामाचे, बिलं, पावत्या, ओटीपी, पासवर्ड बदलण्याचे दुवे.
- स्पॅम: न मागता आलेला, घाऊक पाठवलेला.
- फिशिंग (खोटं नाव घेऊन पासवर्ड काढून घेणारा) आणि व्हायरस असलेला मेल: हाही स्पॅमच, पण वेगळा मोजायचा.
- स्वतःच कधीतरी नोंदणी करून मागवलेली आणि आता नकोशी झालेली बातमीपत्रं (न्यूजलेटर), ऑफर वगैरे.

घोटाळा होतो तो शेवटच्या ढिगात. हे मेल पाठवणाऱ्याने नियम पाळलेले असतात, सदस्यत्व रद्द करायचा दुवाही चालतो, आणि तरी वैतागलेला माणूस 'स्पॅम' बटण दाबतो. हा ढीग स्पॅममध्ये धरला तर चांगला फिल्टरही नालायक ठरतो, कारण त्याने यातले बरेच मेल आत सोडलेले असतात. चांगल्यात धरला तर अडलेल्या बाकीच्यांमुळे 'चांगले मेल अडवले' हा आकडा उगाच फुगतो. म्हणून दोन्हीकडून बाहेर ठेवा. फिशिंग वेगळं मोजायचं कारण साधं आहे: शंभर जाहिराती सुटल्या तर वेळ जातो, एक फिशिंग मेल सुटला तर खातं जातं.

मोजणीची तयारी

कालावधी किमान चार आठवडे ठेवा. बिलं, खात्याची विवरणपत्रं, नूतनीकरणाच्या सूचना महिन्यातून एकदाच येतात, आणि नेमके हेच मेल अडकतात: आपोआप तयार झालेले, दुव्यांनी भरलेले, पैशांबद्दल बोलणारे. एका आठवड्याच्या मोजणीत ते येणारच नाहीत.

आपोआप पुसणं बंद करा, किंवा त्याच्या आधी प्रत काढून ठेवा. जीमेल स्पॅम फोल्डरातले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसतं. महिनाअखेरीला मोजायला बसलात तर पहिल्या दिवसांचा पुरावा हातातून निसटत असतो. दर आठवड्याला मोजा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

मेल पॉप पद्धतीने (सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याची जुनी पद्धत) उतरवत असाल तर सर्व्हरवरचा स्पॅम फोल्डर तुमच्या संगणकावर येतच नाही. पॉपला फक्त इनबॉक्स कळतो. 'आमच्याकडे चुकून एकही मेल अडकत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे बरेच जण या गटातले असतात. आयमॅप (सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणारी पद्धत) वापरा किंवा वेबवरून आत जाऊन फोल्डर बघा.

एकावर एक किती गाळण्या बसल्या आहेत तेही बघा. सर्व्हरवर एक फिल्टर असतो, थंडरबर्डसारख्या मेल वाचायच्या प्रोग्रामचा स्वतःचा जंक फिल्टर वेगळा असतो, शिवाय तुम्ही कधीतरी केलेले आणि विसरलेले नियम असतात. मोजायचा असेल त्याखेरीज बाकीचे बंद ठेवा, नाहीतर श्रेय कोणाचं आणि खापर कोणावर हे कळणार नाही.

आणि मोजणीच्या काळात फिल्टरला शिकवू नका. चुकीचा मेल स्पॅममधून इनबॉक्सात हलवला की बहुतेक फिल्टर त्यातून शिकतात, म्हणजे तुम्ही दर दिवशी थोडा वेगळा फिल्टर मोजत बसता. सापडलेल्या चुकीला तारा लावा किंवा वहीत नोंदवा. तातडीचं उत्तर तिथूनच द्या, हलवाहलवी महिना संपल्यावर.

चार आकडे, दोन भागाकार

समजा २८ दिवसांत, चौथा ढीग वगळून, १,२०० मेल आले. हाताने वर्गवारी केली तर ७०० हवेसे आणि ५०० स्पॅम निघाले. पहिल्या फिल्टरने ५०० पैकी ४८० पकडले, २० सोडले, आणि ७०० चांगल्यांपैकी ३ स्पॅममध्ये टाकले.

पकड: ४८० भागिले ५००, म्हणजे ९६ टक्के.
चांगले अडवण्याचं प्रमाण: ३ भागिले ७००, म्हणजे ०.४३ टक्के.

हे दोनच आकडे जोडीने लिहायचे. आता विक्रेत्याच्या नजरेने बघा. एकूण बरोबर निवाडे १,१७७, म्हणजे ९८ टक्के अचूक. स्पॅम फोल्डरात पडलेल्या ४८३ पैकी ४८० खरा स्पॅम, म्हणजे ९९.४ टक्के. फिल्टर तोच, आकडा ९६ वरून ९९ च्या पुढे गेला.

'एकूण अचूकता' हा आकडा तर सरळ विसरा. ज्या पत्त्यावर हजारात ९०० स्पॅम येतात, तिथे सगळंच फेकून देणारा फिल्टर ९० टक्के अचूक ठरतो.

दुसरा फिल्टर त्याच मेलवर चालवला. त्याने ४५० पकडले, ५० सोडले, पण चांगला एकही अडवला नाही. पकड ९० टक्के, अचूकता ९५.८. कागदावर हा मागे पडला. व्यवहारात काय झालं? महिन्याभरात ३० जास्त स्पॅम हाताने पुसावे लागले, दिवसाला जेमतेम एक. त्या बदल्यात तीन हवेसे मेल वाचले. त्या तिघांत एक नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं असेल तर हिशेब तिथेच संपतो. बहुतेकांना दुसराच फिल्टर परवडतो. अपवाद अशा पत्त्यांचा, जिथे दिवसाला शेकड्यांनी स्पॅम येतो. तिथे पकड ढिली असेल तर माणूस कंटाळून भराभर पुसत सुटतो आणि चांगला मेल स्वतःच्याच हाताने घालवतो. ही चूक कुठल्याही फिल्टरच्या नावावर लागत नाही.

मात्र दुसऱ्या फिल्टरच्या शून्यावर लगेच भाळू नका. ७०० मेलमध्ये एकही चूक दिसली नाही याचा अर्थ चूक होतच नाही असा नाही. यासाठी संख्याशास्त्रात सोपा ठोकताळा आहे: जेवढे मेल तपासले त्यांत शून्य चुका सापडल्या, तर खरं प्रमाण ९५ टक्के खात्रीने ३ भागिले तपासलेल्या मेलची संख्या याच्या आत आहे असं म्हणता येतं. ३ भागिले ७०० म्हणजे ०.४३ टक्के, पहिल्या फिल्टरचा आकडाही तोच! म्हणजे एवढ्या मोजणीवरून 'दुसरा चांगले मेल अडवत नाही' असं छापील विधान करता येत नाही, फक्त 'तसं दिसतंय' एवढंच. हजारात एकापेक्षा कमी चूक, हे ठामपणे म्हणायला ३,००० हवेसे मेल बिनचूक जावे लागतात. दिवसाला २५ हवेसे मेल येणाऱ्या माणसाला त्यासाठी चार महिने लागतील. कार्यालयात दहा-बारा जणांच्या पेट्यांची मोजणी एकत्र केली तर काम दोनेक आठवड्यांत होतं, तरीही महिनाअखेर त्यात येईल असा काळ निवडा.

दारातूनच परत गेलेल्यांचं काय?

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांची मोजणी इथे फसते. स्पॅम फोल्डरात येतो तो आत घेतलेला मेल. त्याच्या कितीतरी आधी, जोडणी होतानाच, सर्व्हर अनेकांना परत पाठवतो. समजा स्पॅमचे १०,००० प्रयत्न झाले, त्यातले ९,००० दारातच अडवले आणि उरलेल्या १,००० पैकी मजकूर वाचणाऱ्या फिल्टरने ९०० पकडले. मजकूर-फिल्टरची पकड ९० टक्के, सगळ्या व्यवस्थेची ९९ टक्के. दोन्ही खरे. पण दोन उत्पादनांची तुलना करताना एकाचा हा आणि दुसऱ्याचा तो आकडा घेतला की निकाल हवा तसा फिरवता येतो.

दारावरच्या नकारांची मोजणी लॉगवरून (सर्व्हर स्वतः लिहितो त्या नोंदींवरून) करायची. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये नाकारलेल्या प्रत्येक प्रयत्नाची ओळ असते. ओळी मोजू नका. नाकारला गेलेला एकच मेल पाच प्राप्तकर्त्यांसाठी असेल तर पाच ओळी येतात, आणि ४५० सारखा तात्पुरता नकार दिला असेल तर पाठवणारा थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याचा आयपी आणि प्राप्तकर्ता ही तिन्ही सारखी असलेली नोंद एकदाच धरा. मग त्या यादीत ओळखीची डोमेन शोधा: ग्राहक, पुरवठादार, शाळा, बँका. दारावरच्या चुका सापडायची जागा हीच.

दारावर नाकारण्यात एक मोठी सोयही आहे, आणि ती कमी लोक लक्षात घेतात. ५५० चा स्पष्ट नकार दिला तर खऱ्या पाठवणाऱ्याला 'मेल पोचला नाही' असा निरोप मिळतो आणि तो फोन तरी करतो. आत घेऊन गुपचूप पुसला तर दोघांनाही पत्ता लागत नाही. आत घेऊन नंतर परत पाठवणं सगळ्यात वाईट: स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, त्यामुळे तुमचा परतीचा निरोप भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जातो आणि तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या यादीत) जाण्याची वेळ येते.

काळ्या याद्यांबद्दल दोन गोष्टी पक्क्या करून ठेवा. पहिली: यादीला विचारणा करताना कुठल्याही उत्तराला 'होय' समजू नका, ठरलेला आकडा आला तरच नाकारा. स्पॅमहाऊस या संस्थेच्या झेन यादीत नोंद असली तर उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यातलं असतं. सार्वजनिक डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी, सगळ्यांसाठी खुली सेवा) वापरून विचारणा केली तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ 'तुमची विचारणा या मार्गाने स्वीकारत नाही', 'हा स्पॅमर आहे' असा नाही. कोणतंही उत्तर म्हणजे होकार, अशी जोडणी असलेला सर्व्हर त्या दिवसापासून जगातला प्रत्येक मेल परत पाठवू लागतो. उपाय: मेल सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (ही विचारणा करणारा प्रोग्राम) बसवा, अनबाउंडसारखा.

दुसरी: याद्या बंद पडतात. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही लोक तिला विचारत राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने येणाऱ्या प्रत्येक विचारणेला 'होय' म्हणायला सुरुवात केली, आणि ज्यांनी सव्वा वर्ष सेटिंग उघडून पाहिलं नव्हतं त्यांचा सगळा मेल एका दिवसात अडला. हे टाळण्याची चाचणी सोपी आहे. प्रत्येक चालू यादीत १२७.०.०.२ हा पत्ता नोंदलेला असायलाच हवा आणि १२७.०.०.१ नोंदलेला असता कामा नये, असा संकेत आहे. रोज एकदा दोन्ही पत्ते विचारणारी छोटी स्क्रिप्ट लावा. उत्तर उलटं आलं की यादी काढून टाका.

ग्रेलिस्टिंग वापरत असाल तर पकडीबरोबर उशीरही मोजा. अनोळखी पाठवणाऱ्याला 'थोड्या वेळाने या' म्हणायचं आणि परत आला तर आत घ्यायचं, ही युक्ती पोस्टग्रे हा प्रोग्राम मुळात ३०० सेकंदांवर चालवतो. पण 'पाच मिनिटं' ही किमान वेळ झाली, परत कधी यायचं हे समोरचा सर्व्हर ठरवतो, आणि तो पंधरा मिनिटांनी किंवा तासाने येऊ शकतो. दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी तोवर शिळा झालेला असतो. फिल्टरच्या खात्यात ही चूक कुठेच दिसत नाही, कारण मेल पोचलेला असतो.

एक चूक उघडून बघू

एक उदाहरण जवळून बघू. पुरवठादाराचं बिल स्पॅमएसॅसिन या फिल्टरने अडवलं आहे. हा प्रत्येक मेलला गुण देतो, गुण जास्त तितका स्पॅमचा संशय जास्त. मेलचं पूर्ण हेडर (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती) उघडा. जीमेलमध्ये 'मूळ दाखवा', इतरत्र 'सोर्स' किंवा 'सगळी हेडर' असा पर्याय असतो. 'एक्स-स्पॅम-स्टेटस' या ओळीत लिहिलंय: गुण ६.१, मर्यादा ५.०. त्यापुढे लागू झालेल्या नियमांची नावं. ५.० ही मूळची मर्यादा, म्हणजे मेल १.१ गुणाने अडकला.

पहिला मोह होतो मर्यादा ७ करण्याचा. थांबा, आधी गुणांची फोड बघा. यात 'बेज ९९' या एकाच नियमाने ३.५ गुण दिलेत. बाकीचे किरकोळ आहेत: फक्त एचटीएमएल मजकूर, चित्राच्या मानाने शब्द कमी, असले. म्हणजे दोष मर्यादेचा नाही, शिकवणीचा आहे. बेज म्हणजे फिल्टरचा शिकलेला भाग: कुठले शब्द स्पॅममध्ये आणि कुठले चांगल्या मेलमध्ये दिसतात याची तो वही ठेवतो. बिलातले शब्द त्याला ९९ टक्के स्पॅमचे वाटतात, कारण कोणीतरी खोट्या बिलांचा गठ्ठा स्पॅम म्हणून शिकवला आणि खरी बिलं चांगली म्हणून कधी शिकवलीच नाहीत. मर्यादा वाढवली असती तर हा एक मेल सुटला असता, सोबत स्पॅमही सुटला असता, आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

त्याच हेडरात 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' ही ओळ वाचा. एसपीएफ सांगतं की हा सर्व्हर त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवू शकतो का. डीकेआयएम ही मेलवरची सही. डीमार्क या दोघांचा दिसणाऱ्या पत्त्याशी मेळ घालतो. तिन्हीपुढे 'पास' असूनही मेल अडला असेल तर तुमच्या फिल्टरमध्ये बघा. 'फेल' असेल तर बहुधा पाठवणाऱ्याच्या बाजूने बिघाड आहे. नेहमीचं कारण: त्यांनी बिलं पाठवायला नवी सेवा घेतली आणि ती डीएनएसमध्ये जोडायचं राहून गेलं. किंवा एसपीएफच्या नोंदीत इतक्या सेवा कोंबल्या की दहा डीएनएस विचारणांची मर्यादा ओलांडली आणि सगळी नोंदच बाद झाली. अशा वेळी तुमचा फिल्टर बरोबर आहे, त्यांना कळवा.

मेल दुसऱ्या पत्त्यावरून फॉरवर्ड होऊन येत असेल तर एसपीएफ बहुधा नापास होतो, कारण आता पाठवणारा सर्व्हर मधला आहे. डीकेआयएमची सही सहसा टिकते, पण मधल्याने विषयात काही जोडलं किंवा तळाला मजकूर चिकटवला तर तीही तुटते.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये गुणांऐवजी एससीएल नावाचा आकडा दिसतो. ५-६ म्हणजे स्पॅम, ९ म्हणजे खात्रीचा स्पॅम. सुटलेल्या स्पॅमवर उणे १ दिसला तर फिल्टरला बोल लावू नका. उणे १ म्हणजे तपासणी वगळली, आणि ती बहुतेकदा तुमच्याच परवानगी यादीने वगळलेली असते.

दुरुस्ती, आणि ती कुठे फसते

शिकवणीने सुरुवात करा. स्पॅमएसॅसिनचा बेज किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. १,००० स्पॅम आणि ४० चांगले, अशी शिकवणी म्हणजे शून्य शिकवणी. लोक स्पॅम उत्साहाने शिकवतात, चांगले मेल शिकवायचे राहतात. दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात द्या, आणि चांगल्यांत मुद्दाम कंटाळवाणे मेल घ्या: पावत्या, आपोआप येणाऱ्या सूचना, हवीशी बातमीपत्रं.

शिकवूनही फरक पडत नसेल तर वही कोणाची, हे तपासा. हा अगदी नेहमीचा घोळ. शिकवणीची आज्ञा रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवली, फिल्टर मात्र दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो. वही रूटच्या घरात भरत राहते, फिल्टर आपली कोरी वही वाचत बसतो. एसए-लर्न या शिकवणीच्या आज्ञेला 'डंप मॅजिक' पर्यायाने विचारलं की तो किती स्पॅम आणि किती चांगले शिकला ते सांगतो. हे फिल्टर ज्या नावाने चालतो त्याच नावाने विचारा. आकडे शून्य आले तर रोग सापडला.

फोल्डर बदलला की आपोआप शिकायचं, अशी डोव्हकॉट या मेल सर्व्हरमध्ये सोय करता येते. तिथे एक अपवाद लिहायला विसरू नका: स्पॅममधून कचऱ्यात हलवलेला मेल 'चांगला' म्हणून शिकू नये. नाहीतर रोज स्पॅम फोल्डर रिकामा करणारा शिस्तीचा माणूस रोज फिल्टरला उलटं शिकवत राहतो.

मर्यादा बदलायची तर अंदाजाने नको. महिन्याभराच्या मोजणीत प्रत्येक मेलचे गुण तुमच्याकडे आहेत. चांगल्या मेलचे गुण उतरत्या क्रमाने लावा, स्पॅमचे चढत्या. मर्यादा ५ ऐवजी ६ असती तर किती चांगले सुटले असते आणि किती स्पॅम आत आला असता, हे थेट मोजता येतं. बहुतेक पेट्यांत चुकीने अडलेले मेल मर्यादेच्या जरासे वर, दोन-तीन गुणांच्या पट्ट्यात साठलेले सापडतात. त्या पट्ट्यासाठी वेगळी वागणूक ठेवता येते: ५ ते ८ गुण असतील तर फक्त विषयावर शिक्का मारून इनबॉक्सात, ८ च्या वर स्पॅममध्ये. आरस्पॅमडी या दुसऱ्या फिल्टरमध्ये ही उतरंड मुळातच आहे: ४ ला ग्रेलिस्ट, ६ ला हेडरात शिक्का, १५ ला नकार.

परवानगी यादी हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोकादायक औषध. दिसणारा पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो. स्वतःच्याच डोमेनला सरसकट परवानगी देणं ही तर स्पॅमरला दिलेली किल्ली, कारण साहेबांच्या नावाने येणारे खोटे मेल नेमका तोच पत्ता वापरतात. परवानगी द्यायचीच तर 'पत्ता हा आणि सही खरी' अशी जोड अट घाला. स्पॅमएसॅसिनच्या चौथ्या आवृत्तीत ती सोय 'वेलकमलिस्ट ऑथ' या नावाने आहे, आधीच्या आवृत्त्यांत 'व्हाइटलिस्ट ऑथ'.

दोन फिल्टरांची तुलना

या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरा, अशी तुलना करू नका. स्पॅम लाटांनी येतो, दोन महिन्यांचा माल सारखा नसतो. दोन्ही फिल्टर एकाच प्रवाहावर लावा: चालू फिल्टर काम करत राहील, नवा फक्त हेडरात आपलं मत लिहील, मेल हलवणार नाही. महिन्याने दोघांचं मत जिथे जुळलं नाही तेवढेच मेल हाताने वाचा. १,२०० ऐवजी कदाचित साठ-सत्तरच वाचावे लागतील. दोघांचं एकमत झालेले सगळे बरोबरच असतील असं नाही, त्यामुळे त्यांतले शंभरेक नमुन्याला काढून बघा.

तयार संग्रहावर चाचणी घेण्याचा मार्ग सोपा दिसतो. ट्रेक या संशोधन उपक्रमाचा २००७ चा सार्वजनिक संग्रह आहे, ७५,४१९ मेलचा: ५०,१९९ स्पॅम, २५,२२० चांगले. दोन शिकाऊ पद्धतींची आपसात तुलना करायला तो उपयोगी पडतो. आज तुमच्या पेटीत काय होईल, हे त्यावरून कळत नाही. त्यातला स्पॅम त्या काळातला, पत्ते मेलेले.

स्वतःचा जुना स्पॅम नव्या फिल्टरमधून काढणं यापेक्षाही फसवं. तीन दिवसांपूर्वीच्या स्पॅममधले दुवे आणि आयपी एव्हाना काळ्या याद्यांत गेलेले असतात. फिल्टर ते पटापट ओळखतो आणि पकड ९९ च्या वर दिसते. हाच मेल पहिल्या दहा मिनिटांत आला असता तर? खरी परीक्षा त्या दहा मिनिटांची. मेल पोचला त्या क्षणी काय निकाल दिला, तोच धरायचा. जुन्या मालावर चाचणी करायचीच असेल तर नेटवर्कवरून विचारणा करणारे नियम बंद करा आणि फक्त मजकुराची पकड मोजत आहोत हे लिहून ठेवा. आणि मेल फॉरवर्ड करून चाचणी करू नका: फॉरवर्ड केला की मूळ पाठवणारा जातो, तुमचा विश्वासू पत्ता येतो.

जीट्यूब नावाची ठरलेली अक्षरमाळ आहे. ती मजकुरात टाकली की स्पॅमएसॅसिन १,००० गुण देतो. फिल्टर बसवल्यावर पहिली चाचणी म्हणून ती पाठवाच. मात्र त्यातून फिल्टर जोडलेला आणि चालू आहे एवढंच कळतं, तो हुशार आहे की नाही हे नाही.

चालू देखरेख

पूर्ण मोजणी वर्षातून दोनदा, शिवाय फिल्टरची मोठी आवृत्ती बदलली किंवा सेवा बदलली की एकदा. मधल्या काळात दर आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. स्पॅम फोल्डर गुणांनुसार चढत्या क्रमाने लावा. मर्यादेपासून तीन गुणांपर्यंतचे सगळे विषय डोळ्यांखालून घाला. त्याहून जास्त गुणांच्या वरच्या थरातले पंधरा-वीस कुठूनही उचला. वरच्या थरात एखादा चांगला मेल सापडला तर तो खालच्या पाचांपेक्षा गंभीर समजा: शिकवणी बिघडली आहे किंवा एखादी यादी भलतं उत्तर देते आहे. गुण दिसत नसलेल्या सेवेत पाठवणाऱ्याच्या नावानुसार लावा, ओळखीची नावं डोळ्यांना आपोआप खटकतात.

वहीत चार रकाने ठेवा: तारीख, पकडलेले, सुटलेले, चुकून अडवलेले. पाचवा रकाना कारणाचा. तीन महिन्यांनी चौथ्या रकान्यात एकच डोमेन चारदा दिसलं तर फिल्टर बदलायच्या आधी त्या डोमेनचा एसपीएफ बघा.